मास्तरांची साक्ष

मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकाही पोराला शिकवलं नाही, तरी सगळं जिंतूर त्यांना मास्तर म्हणायचं. ते होते सुवार्तिक, म्हणजे गावोगाव फिरून येशूचा धर्म सांगणारे. तो शब्द आमच्या गल्लीत कुणाच्या जिभेवर बसला नाही, म्हणून मास्तर. त्यांचा बाप निजामाच्या राज्यात ख्रिस्ती झाला आणि आमचे लोक छप्पन सालानंतर बौद्ध झाले. त्याआधी सगळ्यांचं दुःख एकच होतं. त्यामुळे त्यांचं घर आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

त्यांच्याबद्दल लोक अजून हसून बोलतात. मला तसं हसता येत नाही. पण हसण्यासारखं होतं, हे खरं.

आसामपलीकडच्या डोंगरातून परत येताना त्यांनी बांबूच्या कामट्यांची आणि पानांची एक मोठी झाकणी आणली होती. तिकडे पाऊस सरतच नाही, म्हणून वाकून काम करणाऱ्या बाया ती डोक्यावरून कमरेपर्यंत पांघरतात. आमच्याकडे एवढा पाऊस कुठला? मास्तर ती उन्हात पांघरायचे. वैशाखात सायकलवर बसलेलं एक कासव येताना दिसलं की समजावं, मास्तर आले. कुत्री पिसाळल्यासारखी मागे लागायची. एस.टी.चा कंडक्टर म्हणायचा, "मास्तर, ही टोपली टपावर टाका, न्हाईतर हिचं अर्धं तिकीट काढा."

"हिच्याखाली येऊन बस लेकरा, मग सांग तिकीट कुणी काढायचं," मास्तर म्हणायचे. कंडक्टर त्यांच्याहून मोठा असला तरी लेकरूच.

त्यांच्याकडे चहाला जाणं म्हणजे शिक्षा होती. कप हातात, डोळे मिटलेले आणि प्रार्थना चालू. चहाची पानं खुडणाऱ्या बायांसाठी, दूध काढणाऱ्यासाठी, मग म्हशीसाठी, मग म्हशीला पेंड घालणाऱ्यासाठी. माझा नवरा जिनिंगमध्ये कामाला होता, त्याला भोंग्याची घाई. तो एकदा म्हणाला, "मास्तर, म्हशीचं झालं असंल तर घोट घेऊ का?"

मास्तरांनी डोळे न उघडता सांगितलं, "घे. तुझ्यासाठी येगळी करतो. ती लांब हाय."

पोखर्णीच्या जत्रेतला नरसिंहाचा प्रसाद, दर्ग्यावरचा मलिदा, आमच्या जयंतीची खीर, ते सगळं खायचे आणि मागून खायचे. त्यांच्याच चर्चच्या मंडळीतल्या कुणी टोकलं तर म्हणायचे, "अन्नाला बाप्तिस्मा लागत न्हाई." उन्हाळ्यात विहीर आटली की सायकलला दोन्हीकडे डबे बांधून साऱ्या गल्लीच्या म्हाताऱ्यांना पाणी आणून घालायचे. हे लिहिलं नाही तर अन्याय होईल.

एक गोष्ट मात्र त्यांना कधी जमली नाही. 'चुकलं' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. एकदा परभणीला जायचं म्हणून त्यांनी आम्हाला भलत्याच गाडीत बसवलं. गाडी निघाली औंढ्याकडे. मी म्हणाले, "मास्तर, रस्ता येगळा वाटायलाय." ते म्हणाले, "वळंल." ती वळली नाही. औंढ्याला उतरल्यावर त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, एका लिंबाखाली उभे राहिले आणि म्हणाले, "प्रभूला आपण इथंच पाहिजे होतो." आणि तिथे प्रचार सुरू केला. ऐकायला दोन म्हातारे आणि एक शेळी. परतीची गाडी येईपर्यंत आम्ही उपाशी होतो.

आता 'आम्ही' म्हणजे कोण, ते सांगते.

बांगलादेशाची लढाई झाली त्याच्या आधी मास्तर आसामच्या पलीकडच्या डोंगरात प्रचाराला गेले होते. बायको वारलेली, मूलबाळ नाही, अडवणारं कुणी नव्हतं. तिथे हद्दीजवळ एक लहानशी जमात होती. चार-दोन वस्त्या, तेवढेच लोक. त्यांची बोली शेजारच्या आसामींना कळत नाही, ती ब्रह्मदेशापलीकडच्या मोन-ख्मेर लोकांच्या बोलीच्या नात्यातली, असं मास्तर रेशनच्या रांगेत उभ्या माणसांना अडवून सांगायचे. लोक म्हणायचे, असंल बाबा, साखर आली का बघ. त्या जमातीत देऊळ नाही, मूर्ती नाही. डोंगर, ओढा, झाड आणि घरातली मेलेली माणसं, यांनाच मानायचं. मास्तर तिथे काही वर्षं राहिले. सगळ्या वस्त्यांत मिळून एकाच जीवाने त्यांचं ऐकलं. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर ते जिंतूरला परत आले, ते त्या जीवाला घेऊनच.

मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असेल. बुटकी, पिवळसर गोरी, चढण चढून पिंढऱ्या दगडासारख्या झालेल्या. मास्तरांनी तिचं नाव रूथ ठेवलं होतं. त्यांच्या शास्त्रात अशी एक सून होती म्हणे, जी आपले लोक सोडून सासूच्या मागे गेली. रूथला मोडकंतोडकं मराठी येत होतं, मास्तरांनी तिकडेच शिकवलेलं. ती त्यांच्या घरात आतल्या खोलीत राहायची आणि मास्तर बाहेर ओट्यावर झोपायचे, थंडीतसुद्धा. तरी गल्ली ती गल्ली.

मी सरळ विचारलं, "मास्तर, ही तुमची कोण?"

"आत्म्यातली लेक."

"आन लोकांनी काय समजायचं?"

ते म्हणाले, "म्हणून तर तुमी पाहिजेत, अशोकच्या माय. आमाला सभेला गावोगाव जायचं हाय. सोबत बाईमाणूस असलं की लोकांची तोंडं बंद राहतात."

शेतातल्या रोजाइतकी मजुरी आणि वर गाडीत बसायचं. मी गेले. तर आम्ही म्हणजे आम्ही तिघं.

सभा सगळीकडे एकसारखी असायची. रूथला तिच्या डोंगरातला पोशाख घालायला लावायचे, दोन्ही खांद्यांवर गाठ मारलेलं चौकड्यांचं कापड. मग तिला टेबलावर उभं करायचे. ती एक गाणं म्हणायची. मग तिच्यासमोर लाकडी फळी, मूठभर तांदूळ आणि एक अंडं यायचं. तिच्या लोकांत असं आहे की घरात काही बिनसलं, आजार आला, तर आईचा भाऊ फळीवर तांदूळ मांडतो आणि अंडं आपटून फोडतो. टरफलाचा कोणता तुकडा उताणा पडला, कोणता पालथा, यावरून काय बिघडलं ते सांगतो. रूथचा मामा त्यात जाणता होता. लहानपणापासून शेजारी बसून बसून तिलाही ते वाचता येत होतं.

ती अंडं फोडायची. मास्तर हात वर करून म्हणायचे, "बघा लेकरांनो! अंड्याच्या टरफलात देव शोधणारे लोक!" लोक हसायचे. मग रूथ पाठ केलेली साक्ष द्यायची: "मी अंधारात होते. मी अंड्याला विचारत होते. आता मी प्रभूला विचारते." टाळ्या व्हायच्या. अंडं वाया जायचं.

मला ते पहिल्या दिवसापासून पटलं नाही. आम्हीही जुने देव सोडलेले लोक आहोत. माझ्या सासूने देवघरातले टाक स्वतःच्या हाताने नदीत सोडले. पण तिला कुणी टेबलावर चढवून गावोगाव पुन्हा सोडायला लावलं नाही. हे मी मास्तरांना म्हणून दाखवलं.

"तुमचं येगळं हाय," ते म्हणाले. "तुमच्यात लाखो गेले. हिच्यात ही एकटी."

"एकटी हाय तर एकटीला कशाला टेबलावर चढवताव?"

"दिवा उंचावरच ठेवतात, अशोकच्या माय."

"दिव्याला लाज नसती, मास्तर."

यावर त्यांनी झाकणी पांघरली आणि सायकलवर बसून निघून गेले.

पालमला बाजाराच्या दिवशी सभा होती. गर्दी बरी होती. भाजी घेऊन निघालेले लोक पिशव्या पायाशी ठेवून थांबले होते. रूथने गाणं म्हटलं, अंडं फोडलं आणि फळीकडे पाहिलं. रोज ती पाहत नसे, फोडून लगेच मान वर करायची. त्या दिवशी तिने पाहिलं आणि टेबलावरच उकिडवी बसली. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने पाहिलं. कशाला हात लावला नाही.

"बोल, रूथ," मास्तर म्हणाले.

ती फळीवर वाकूनच राहिली.

गर्दीतून एक जण ओरडला, "काय निघालं? पिल्लू निघालं का?" हशा झाला. दुसरा म्हणाला, "तिला म्हणावं, माझी म्हैस कवा येणार ते बघ!"

"बोल लेकरा. मी अंधारात होते..." मास्तरांनी सुरुवात करून दिली.

रूथ मराठीत म्हणाली, "घरात चूल नाही."

मास्तरांनी लगेच हात वर केला. "बघा! काय हे दारिद्र्य! ज्या घरात चूलसुद्धा नाही अशा घरातून प्रभूनं हिला उचलली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. रूथ टेबलावरून उतरली आणि सरळ एस.टी. स्टँडकडे चालू लागली. मी तिच्या मागे धावले.

बाकड्यावर बसल्यावर मी विचारलं, "चूल न्हाई म्हंजी काय गं?"

"आई एकटी आहे."

"एकटी कशी? तुला चार भाऊ हायत म्हणं."

"भाऊ बायकोच्या घरी."

मला कळेना. तिने मग थांबत थांबत, शब्द शोधत सांगितलं. त्यांच्यात लग्न झालं की मुलगा निघून बायकोच्या घरी राहायला जातो. मुलगी जात नाही. घर मुलीचं, चूल मुलीची, मेलेल्यांचं करणंसवरणं मुलीच्या हातचं. माणूस मेला की जाळतात, हाडं वेचतात आणि घराण्याची एक दगडी पेटी असते, तिच्यात ठेवतात. आजी, पणजी, सगळ्या त्याच पेटीत. आईची हाडं लेकीने आत ठेवायची. लेक नसेल तर ती बाहेर पडून राहतात, आणि हाडं बाहेर तोवर माणूसही बाहेर, ना इथलं ना तिथलं.

"मी एकटी मुलगी," ती म्हणाली. "आई मेली तर आत कोण ठेवेल?"

अंडं खरं बोलतं की नाही मला माहीत नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण पोरगी म्हणत होती ते कळायला अंडं लागत नव्हतं.

गाडीत मी मास्तरांच्या शेजारी जाऊन बसले. रूथ मागे खिडकीशी होती.

"तुमाला हे ठाऊक होतं?"

त्यांनी बाहेर पाहतच सांगितलं, "आणताना ठाऊक नव्हतं. घरात चार लेक बघितले. म्हणलं, चार लेक असताना म्हातारीला काय कमी? पोरगी तर आज ना उद्या जाणारच. निघताना म्हातारी रडली. लेक निघाली की माय रडतीच की. मामा आडवा आला. मला वाटलं, मामाचा मान राहिला असंल. नवा टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला."

"मग?"

"त्यानं तो चुलीत घातला."

आमच्याकडचा कुणीही माणूस हेच करून बसला असता. मीही कदाचित तसंच समजले असते. म्हणून तिथवर मी त्यांना दोष देत नाही. मी विचारलं, "मग खरं कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी, रेल्वेत. हिनंच सांगितलं."

"आन तुमी उतरला न्हाईत?"

"प्रभूला ही इथं पाहिजे होती," मास्तर म्हणाले.

औंढ्याला ह्याच वाक्यावर मी हसले होते. त्या दिवशी मी उठले आणि मागे रूथजवळ जाऊन बसले.

त्यानंतर रूथ टेबलावर चढेना. मास्तरांनी समजावलं, रागावले, तिच्यासाठी उपास केला. ती पाणी भरायची, भाकरी शिकली होती ती थापायची, सभेचं नाव काढलं की गप्प. परभणीला मोठी सभा ठरली होती, लांबून लांबून लोक येणार होते. मास्तरांनी तिला तशीच नेली. ती उभी राहिली आणि शेवटपर्यंत उभीच राहिली. गाणं नाही, साक्ष नाही. मास्तर तिच्या वतीने बोलत राहिले, त्यांना घाम फुटला होता.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "मास्तर, हिला नेऊन घाला. म्हातारी जिती हाय तोवर."

"आन मी काय करू मग? इतकी वर्षं त्या डोंगरात काढली. रक्ताची हगवण लागली, मरता मरता वाचलो. काय घेऊन आलो? ही एवढी एक."

"ही काय तुमी आणलेली टोपली हाय का?"

"जिभेला तुमच्या हाड न्हाई."

"न्हाई. म्हणून सांगते. न्हेलं न्हाई तर पुढच्या सभेत मी उभी राहून हे सगळं बोलणार."

मास्तर घाबरून तयार झाले की त्यांनाच आतून काही टोचलं, सांगता येणार नाही. माणूस वाईट असता तर मला ओळखायला सोपा गेला असता. पण त्यांनी दिवस लावले. आधी कापूस होऊ द्या म्हणाले, मग नाताळ. नाताळ झाल्यावर निघाले. परभणीच्या स्टेशनवर मी पोचवायला गेले. रूथने मला एकच विचारलं, "आक्का, गाडी मध्ये थांबते का?" मी म्हणाले, "थांबती, पण या खेपेला उतरायचं काम न्हाई." ती पहिल्यांदा हसली.

मास्तर संक्रांतीनंतर परत आले. एकटे. अंगावर मांस नव्हतं. दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी चहा दिला. त्यांनी तो तसाच पिऊन टाकला, प्रार्थना न करता, आणि मग मला कळलं की काहीतरी झालंय.

म्हातारी पावसाळ्यातच गेली होती. घराचं छप्पर बसलं होतं. मामाने हाडं वेचून एका गाडग्यात ठेवली होती आणि गाडगं पेटीच्या बाहेर, झाडाखाली दगडावर ठेवलं होतं. रूथ गाडग्याकडे गेली तेव्हा मामा आडवा आला. म्हणाला, हिला परक्या पाण्यानं धुतलंय. हिचा हात पेटीला लागला तर आतल्या सगळ्या बाहेर येतील.

"मग तुमी काय म्हणलाव?"

मास्तर रिकाम्या कपात पाहत होते. "मी म्हणलं, मी धुतलं ते खोटं धरा. ही तुमचीच हाय."

त्यांच्यासारख्या माणसाने आपणच दिलेला बाप्तिस्मा खोटा म्हणणं काय असतं ते मला कळत होतं.

"तर तो म्हणला, पाणी घालणारा तू, आता काढून दाखव."

"मग?"

"मग काय? काढता येतं का, अशोकच्या माय?"

"आन रूथ?"

"गाडग्यापाशी बसली. ऊठ म्हणलं. उठली न्हाई. मी दोन रोज थांबलो. वस्तीतलं कुणी तिला आत घेईना, आन ती तिथून हालेना."

"आन तुमी निघून आलाव."

"तिथं माझं काय काम होतं?"

ते मला म्हणाले, हे कुणाला सांगू नका. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

पुढच्याच महिन्यात मंडळीची उपासना होती, मास्तर बोलणार म्हणून मी मागे जाऊन बसले. ते म्हणाले, "आपली रूथ आज त्या डोंगरात प्रभूची ज्योत घेऊन बसली आहे." लोकांनी आमेन म्हटलं. मी त्यांना दारात गाठलं.

"मास्तर, हे काय बोलायलाव?"

"बसली हाय, हे खरं हाय."

"कुठं बसली हाय, ते सांगा की."

ते हळूच म्हणाले, "ते सांगितलं तर माझ्याजवळ काय उरतं?"

त्यानंतर मी त्यांच्याकडे चहाला गेले नाही. मास्तर पुढे पुष्कळ जगले. गोष्ट वर्षावर्षाला वाढत गेली. आधी रूथमुळे तिच्या घरचे प्रकाशात आले, मग वस्ती आली, मग अख्खा डोंगर. मला वाटतं, शेवटी शेवटी त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता. रस्त्यात भेटले की माझी नजर मात्र चुकवायचे, म्हणजे पुरता बसला नसावा. उन्हाळ्यात पाणी आणून घालायचे ते घालतच राहिले. माझ्याही दारात डबा ठेवून जायचे. मी ते पाणी वापरायचे. पाण्यावर राग काढून काय होणार?

ते वारले तेव्हा कबरस्तानात बरीच माणसं जमली. परभणीहून चर्चचे पाळक आले होते. ते म्हणाले, या एका माणसाने दूरच्या डोंगरातली एक पूर्ण जमात अंधारातून बाहेर काढली. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही तेव्हा त्यांच्यासोबत फिरत होता ना? दोन शब्द बोला."

मी पुढे झाले आणि म्हणाले, "तिकडं एका म्हातारीची हाडं गाडग्यात घालून झाडाखाली ठेवलेली हायत. ती आत ठेवायला तिला एकच पोरगी होती. ती पोरगी मास्तरांनी इकडं आणली. परत नेली तवा म्हातारी सरली होती, आन पोरीला कुणी आत घेतलं न्हाई. जमातबिमात काही बाहेर आली न्हाई. त्या दोघीच बाहेर हायत."

पाळकांनी घाईने गाणं काढलं. लोक जोरजोरात गायला लागले.

मी मूठभर माती टाकली आणि बाजूला झाले. शेजारची बाई डोळे पुसत मला म्हणाली, "असं बोलू न्हाई हो मेलेल्या माणसाबद्दल."

मी म्हणाले, "मी मेलेल्या माणसाबद्दल कुठं बोलले? ती पोरगी जिती असंल अजून."